भारा डोक्यावरून पडला, त्यानंतरची दोन वर्षं

फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना पाठीच्या कण्याची दुखापत शिकवताना मी एक्स-रेपासून सुरुवात करत नाही. आधी विचारते, चुंबळ म्हणजे काय? शहरातली निम्मी मुलं एकमेकांकडे बघतात. मग मागच्या बाकावरचं गावाकडचं कुणीतरी सांगतं, डोक्यावर ओझं घेताना खाली कापडाची गुंडाळी ठेवतात ती. बरोबर. आता त्या चुंबळीवर ओल्या भाताचा चाळीस-पन्नास किलोचा भारा ठेवा आणि माणसाला वळवाच्या पावसाने निसरड्या झालेल्या बांधावरून चालवा. आमचं प्रकरण इथून सुरू होतं.

माणूस बांगलादेशातला आहे. तिशीतला शेतमजूर, घरी बायको, दोन मुलं, वैशाखातली बोरो भाताची कापणी चालू. एक खुलासा आधीच करते: हा कुणी एक खरा माणूस नाही. ढाक्याजवळच्या साभार इथे पक्षाघातग्रस्तांचं पुनर्वसन करणारं सीआरपी नावाचं केंद्र आहे. तिथल्या प्रकाशित नोंदींत जो रुग्ण पुन्हा पुन्हा भेटतो, त्याचं हे मी जुळवलेलं चित्र. संस्था आणि आकडे खरे आहेत. माणूस जुळवलेला आहे, म्हणून त्याला नाव दिलेलं नाही.

पाय घसरतो. दोन्ही हात भाऱ्याला धरलेले, त्यामुळे जमिनीला टेकायला मोकळे नसतात. भारा पुढे जातो, डोकं त्याच्यामागे जातं, मान छातीकडे मुडपते. वरून पन्नास किलो, खालून जमीन, मधे मानेचे मणके. बहुतेकदा पाचवा किंवा सहावा मणका चिरडतो किंवा जागचा सरकतो. आत करंगळीएवढ्या जाडीची मज्जारज्जू असते, ती दबते. माणूस शुद्धीवर असतो. चिखलात पडल्या पडल्या तो म्हणतो, माझे पाय कुठे गेले?

कोण पडतं, कशावरून पडतं

साभारला १९९४-९५ मध्ये आलेल्या २४७ रुग्णांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुखापतीचं पहिलं कारण होतं उंचावरून पडणं, दुसरं डोक्यावर ओझं घेऊन पडणं आणि रस्त्यावरचे अपघात त्यानंतर. एका बाईमागे सात-साडेसात पुरुष होते आणि बहुतेक जण ऐन कमावत्या वयातले. त्यातलं दुसरं कारण पश्चिमेत छापलेल्या आमच्या पाठ्यपुस्तकांत वाचल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे मोटारी आहेत, उथळ पाण्यात सूर मारणं आहे, म्हाताऱ्या माणसांचं घरात घसरून पडणं आहे. डोक्यावरचा भारा नाही.

उंची म्हणजे तिथे मुख्यतः झाड. नारळ, सुपारी, फणस, आंबा, आणि हिवाळ्यात रसासाठी खजुरीचं झाड. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. माडावरून पडलेला पाडेली, म्हणजे नारळ काढणारा, ज्याने पाहिला आहे, त्याला साभारचा वॉर्ड ओळखीचा वाटेल. झाडावरून पडलेला माणूस पायांवर किंवा बैठकीवर आपटतो. छाती आणि कंबर जिथे मिळतात तिथला, म्हणजे बरगड्यांचा शेवटचा आणि कमरेचा पहिला, हे मणके फुटतात. त्याचे पाय जातात, हात शाबूत राहतात. ओझ्याखाली पडलेल्याची मान जाते, म्हणजे हातही अर्धे जातात. कागदावर दोघेही ‘मज्जारज्जूची दुखापत’ या एकाच सदरात मोडतात. पण एकाला पुढे शिलाई मशीनवर बसता येईल आणि दुसऱ्याला तोंडावरची माशी हाकलायलाही कष्ट पडतील.

आणखी एक कारण खास तिथलं, अलीकडचं. बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी रिक्षांत बसलेल्या मुलींची ओढणी खाली लोंबते आणि फिरणाऱ्या आसात अडकते. गळ्याला हिसका बसतो आणि मानेचा मणका निखळतो. साभारच्या डॉक्टरांनी अशा मुलींवर स्वतंत्रपणे लिहिलं आहे. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी अडकते ते याच्याच नात्यातलं. चाकावर जाळी बसवली तर हे टळतं, आणि जाळी महाग नसते.

साभार हे नाव वाचकाने कदाचित वेगळ्याच संदर्भात ऐकलं असेल. २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत याच साभारमधली. अकराशेहून जास्त माणसं त्यात गेली, जखमी झालेले अडीच हजारांच्या घरात. वाचलेल्यांपैकी अनेकांचं पुनर्वसन या केंद्रात झालं. अशी दुर्घटना साऱ्या जगाला दिसते. बांधावर घसरलेला एकेकटा माणूस कुठेच दिसत नाही आणि वर्षाच्या अखेरीला त्यांचीच संख्या मोठी भरते.

जगाचा हिशेब एकदाच सांगून टाकते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्याप्रमाणे दरवर्षी कण्याच्या आघाती दुखापतीचे साधारण ७ लाख ६८ हजार नवे रुग्ण होतात. लाखामागे साडेदहा. श्रीमंत देशांत हे प्रमाण लाखामागे ८.७ आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १३.७. आफ्रिकेतल्या शहरांत मोटरसायकलची टॅक्सी, नेपाळच्या डोंगरात चाऱ्यासाठी झाडावर किंवा कड्यावर चढलेली बाई, बंगालच्या शेतात भारा. देश बदलला की कारण बदलतं, मोडणारा मणका तोच राहतो.

बांधापासून साभारपर्यंत

शेजारचे चौघे धावतात. दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात. मान मागे लोंबते. त्याला व्हॅनवर ठेवतात. व्हॅन म्हणजे सायकलरिक्षाला जोडलेली लाकडी पाटाची सपाट गाडी, तिला तिथे व्हॅनच म्हणतात. खड्ड्याखड्ड्याला डोकं हलतं. अर्धवट दबलेली मज्जारज्जू याच प्रवासात पूर्ण चिरडली जाऊ शकते. पायाच्या अंगठ्यात जी किंचित जाणीव उरली होती, ती तालुक्याच्या इस्पितळात पोचेपर्यंत गेलेली असू शकते.

वर्गात इथे कुणीतरी हमखास म्हणतं, मॅडम, लोकांना अक्कल नाही. मला हे पटत नाही. ज्या गावात फळी नाही, पट्टा नाही, फोन केल्यावर येणारी गाडी नाही, तिथे माणसाला चिखलात झोपवून वाट बघणं ही अक्कल कशी? डोक्याच्या दोन्ही बाजूंना दोन विटा किंवा कपड्याचे बोळे, मान आणि अंग एका रेषेत ठेवून तिघांनी मिळून उचलणं, आणि दाराची फळी. एवढं शिकवता येतं, फुकटात. पण ते शाळेत आणि भाताच्या खळ्यावर शिकवावं लागेल. इस्पितळात शिकवून उपयोग नाही.

तालुका, मग जिल्हा, मग ढाका. प्रत्येक ठिकाणी एक रात्र. प्रत्येक ठिकाणी व्हरांड्यात नातेवाइकांचा एकच प्रश्न, जो मी इथेही रोज ऐकते: ऑपरेशन केलं की चालेल ना? मज्जारज्जूची इजा पूर्ण असेल, म्हणजे खाली संवेदना आणि हालचाल दोन्ही शून्य असतील, तर प्लेट आणि स्क्रू टाकून पाय परत येत नाहीत. मणका स्थिर होतो, रुग्णाला लवकर बसवता येतं, आणि हा फायदा मोठा आहे. अर्धवट इजेत वेळेवर दाब काढला तर खूपच फरक पडू शकतो. पण वेळेवर या शब्दाचा अर्थ तासांत मोजायचा असतो. इथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस शस्त्रक्रियेची सोय असलेल्या शहरात पोचतो. मग स्क्रूंचे पैसे घरच्यांनी आणायचे. ते आणण्यासाठी गाय विकायची. ऑपरेशन न करण्याचीही जुनी रीत आहे: कवटीला चिमटा लावून वजन बांधायचं आणि मान ताणात ठेवून सहा आठवडे आडवं झोपवायचं. ही रीत चुकीची नाही. मात्र तिची अट एकच आहे, सहा आठवडे कुणीतरी त्याला दिवसरात्र नीट कुशीवर वळवलं पाहिजे.

आणि इथेच या प्रकरणातली खरी दुखापत होते. मानेची नव्हे, माकडहाडावरची. जिल्ह्याच्या इस्पितळात तो पहिल्या रात्री कडक खाटेवर पाठीवर पडून असतो. मज्जारज्जू तुटल्याने खालून कसलीच तक्रार वर पोचत नाही. तुम्ही-आम्ही झोपेत रात्रभर न कळत वळत असतो, तो वळत नाही. हाड आणि खाट यांच्यामध्ये सापडलेल्या मांसाचा रक्तपुरवठा थांबतो आणि काही तासांत ते मरायला लागतं. सकाळी वर फक्त लालसर-जांभळा डाग दिसतो. बेडसोर आतून बाहेर येतो, म्हणून तो नेहमी दिसतो त्यापेक्षा मोठा असतो. हे मुलांना पटवायला मी आंब्याचं उदाहरण देते. पेटीत दबलेल्या आंब्यावर बाहेर बोटभर डाग असतो. कापला की आत अर्धी फोड काळी.

नवीन असं यात काही नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी कण्याला जखम झालेले बहुतेक सैनिक दोन-तीन वर्षांत बेडसोर आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरायचे. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल इथे लुडविग गुटमन यांनी वॉर्ड सुरू केला. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि मूत्राशय निर्जंतुक पद्धतीने रिकामं करायचं, यावर त्यांनी कडक शिस्तीने भर दिला. यात कुठलंही नवं औषध नव्हतं. पुढे याच वॉर्डातून पॅरालिम्पिक जन्मलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले, ते याच परंपरेत. सैनिकाच्या मागे सैन्य असतं. पुण्यात खडकीला १९७४ पासून सैनिकांसाठी स्वतंत्र पॅराप्लेजिक केंद्र आहे. शेतमजुराच्या मागे त्याची बायको असते.

दोन गोदामं

साभारच्या केंद्राची गोष्ट एका फिजिओथेरपिस्टपासून सुरू होते, त्यामुळे माझा थोडा पक्षपात होणार हे गृहीत धरा. व्हॅलरी टेलर ही ब्रिटिश मुलगी १९६९ साली स्वयंसेविका म्हणून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात चितगावच्या डोंगराळ भागात आली. मधे काही काळ इंग्लंडला जाऊन ती पुन्हा बांगलादेशात परतली आणि १९७९ मध्ये ढाक्यातल्या एका सरकारी इस्पितळाच्या आवारातल्या दोन पडीक गोदामांत चार रुग्णांना घेऊन काम सुरू केलं. १९९० मध्ये साभारला कायमची जागा मिळाली. १९९८ साली तिला बांगलादेशचं नागरिकत्व मिळालं.

आपल्या माणसाला इथे पोचायला कित्येक आठवडे लागतात, आणि माकडहाडावर तोवर मूठभर खड्डा असतो. म्हणून पहिले काही आठवडे पुनर्वसन वगैरे काही नाही. पोटावर झोपणं, जखम धुणं, अंडी-मासे-डाळ खाऊ घालणं. साभारच्या अंगणात चाकांच्या ट्रॉलीवर पालथे झोपून हातांनी चाकं फिरवत हिंडणारे रुग्ण दिसतात. जखमेवरचा भार सुटतो आणि माणूस छताकडे बघत पडण्याऐवजी हिंडतो, बोलतो, पत्ते खेळतो. मला हे यंत्र फार आवडतं. चार चाकं, एक फळी, एक गादी.

मग हात. मानेत सहाव्या पातळीवर मज्जारज्जू तुटली की मनगट मागे उचलता येतं, पण बोटं मिटत नाहीत. इथे एक जुनी युक्ती आहे. बोटांचे स्नायुबंध मुद्दाम थोडे आखूड होऊ द्यायचे, ताणून सरळ करायचे नाहीत. मग मनगट मागे वळवलं की बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीला टेकतो. चमचा धरता येतो, विडी धरता येते, फोन उचलता येतो. नवखा थेरपिस्ट किंवा माया करणारी आई रोज ती बोटं ताणून सरळ करत राहते आणि ही पकड कायमची घालवते. मी हे दरवर्षी मुलांच्या हातांवर करून दाखवते. परीक्षेत तरीही दोघंतिघं ‘फिंगर स्ट्रेचिंग’ लिहितातच.

चुलीपाशी खाली बसून स्वयंपाक करणाऱ्या बायकांसाठी तिथल्या कार्यशाळेत जमिनीलगतची बुटकी चाकगाडी बनवतात. घरी पाठवण्याआधी रुग्णाला आणि घरातल्या माणसाला आवारातल्याच वसतिगृहात ठेवतात आणि नर्सशिवाय राहायला लावतात. लघवीची नळी कशी घालायची, बैठकीवरचा भार किती वेळाने उचलायचा, नळी तुंबली आणि एकाएकी डोकं ठणकून घाम सुटला तर आधी नळी बघायची, कारण रक्तदाब जीवघेणा चढत असतो. हे सगळं शिकून तो घरी जातो.

घरी गेल्यावर

२०११ साली या केंद्रातून घरी गेलेल्या ३५० रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेण्यात आला. व्हीलचेअरवर अवलंबून असलेल्यांपैकी साधारण पाचातला एक दोन वर्षांत गेलेला होता. बहुतेक मृत्यू बेडसोरमधून रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने. देशातल्या सर्वांत चांगल्या केंद्रात उपचार झालेल्यांची ही गत. तिथवर न पोचलेल्यांची मोजदाद या आकड्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालातही, मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर अकाली मृत्यूची शक्यता दुप्पट ते पाचपट असते आणि गरीब देशांत अवस्था जास्त वाईट आहे, असं म्हटलेलं आहे.

का मरतात, हे साभारच्या लोकांना कळत होतं, म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर रीतसर चाचणी घेतली. नुकत्याच घरी गेलेल्या व्हीलचेअरवरच्या ४१० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दोन वर्षं ठरावीक काळाने फोन आणि तीनदा घरी भेट. दुसऱ्याला नेहमीचीच व्यवस्था. मी हा अभ्यास सुरू झाल्याचं वाचलं तेव्हा मनोमन निकाल ठरवून टाकला होता. फोनने माणसं वाचणार, स्वस्तात.

वाचली नाहीत. म्हणजे, दोन्ही गटांत मृत्यू जवळपास सारखेच, शंभरात सात-आठ. आधीच्या पाचात एकशी याची थेट वजाबाकी करू नये, ते रुग्ण वेगळे होते. पण फोन आणि भेटीमुळे फरक पडला नाही, एवढं स्वच्छ आहे. असा निकाल लपवता येतो. त्यांनी तो छापला, यासाठी माझा त्यांना नमस्कार.

मग फोनने काय होत नव्हतं? इथून पुढे माझा अंदाज आहे, अभ्यासाचा निष्कर्ष नव्हे. फोनवरची ताई विचारते, पाठीवर डाग आहे का? आपला माणूस म्हणतो, नाही. त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. बायको दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर किंवा कारखान्यात, कारण आता मिळवती तीच. कापसाची गादी दोन पावसाळ्यांत दगड झालेली. खुर्चीचं चाक अंगणातल्या चिखलात रुततं, म्हणून तो दिवसभर आतच बसून. डाग दिसला तर सांगावं आणि आठ दिवस पालथं झोपावं, हे त्याला पाठ आहे. पण ते आठ दिवस त्याच्या छोट्या दुकानाचे असतात, विड्या-बिस्किटांच्या. तो उद्यावर ढकलतो. त्याला माहिती हवी होती तेव्हा ती मिळाली. आता त्याला फोमची गादी हवी आहे, सपाट अंगण हवं आहे, आणि आठ दिवसांचे पैसे.

जागतिक बँकेच्या यादीत बांगलादेश २०१५ साली अल्प उत्पन्नाच्या गटातून वरच्या गटात सरकला. या घरात त्या दिवशी काही हललं असेल असं वाटत नाही.

परीक्षेत मी हेच प्रकरण देते आणि शेवटचा प्रश्न असतो, घरी पाठवताना काय सूचना द्याल? सगळी मुलं लिहितात, दर दोन तासांनी कूस बदलावी. मी त्याखाली लाल शाईने एकच शब्द लिहिते, कोणी? गेल्या वर्षी एका मुलीने उत्तरात रात्रीचा तक्ताच आखला होता. दहा वाजता बायको, भांडी झाल्यावर. बारा वाजता थोरला मुलगा, अभ्यास संपवून. चार वाजता पुन्हा बायको, ती तशीही चूल पेटवायला उठते. दोन वाजताचा रकाना तिने कोरा सोडला होता. पेन्सिलीने आधी म्हातारीचं नाव घातलेलं आणि मग खोडलेलं दिसत होतं.

पूर्ण मार्क दिले.